आतला पॅड संपला, बाहेरचा तसाच : ब्रेकच्या कामाबद्दल या गॅरेजला 4 स्टार (लांबलंय, पण वाचा)

काम होऊन नऊ महिने झाले, मुद्दाम थांबलो होतो. गाडी गॅरेजमधून बाहेर आली की त्याच संध्याकाळी पाच स्टार टाकणारे लोक आहेत त्यांचं मला काय कळत नाही, ब्रेकचं काम चांगलं झालं की नाही ते त्या दिवशी कळतच नाही, त्या दिवशी फक्त धुतलेली गाडी दिसते. फेब्रुवारीत काम केलं, मधे अख्खा कोकणातला पावसाळा गेला, 9,400 किलोमीटर झाले, परवा पुढच्या दोन चाकांचे चारही ब्रेक पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून चाक थांबवतात ते) परत काढून मोजले आणि मग हे लिहायला बसलो.

गाडी स्विफ्ट डिझेल झेडडीआय, 2014 ची. रोज चिपळूण ते लोटे आणि परत, म्हणजे परशुराम घाट रोजचाच. महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला, सासुरवाडी. आधी म्हणजे पहिले पुढचे पॅड 42 हजार किलोमीटरला बदलले होते, दुसरा सेट 80 हजारापर्यंत गेला. बरोबर आहे, 38 हजार चालला, घाटातल्या गाडीला वाईट नाही. नंतर मात्र गणित बिघडलं. 80 ला टाकलेला सेट 94 ला संपला, 94 ला टाकलेला 1 लाख 8 ला. चौदा-चौदा हजार! हे मला नेमकं माहीत कारण डॅशबोर्डच्या खणात एक डायरी असते त्यात मी डिझेलपासून पंक्चरपर्यंत सगळं लिहितो, बायको हसते, पण या वेळी त्या डायरीनेच केस जिंकली.

दोन्ही वेळेला एका सर्व्हिस सेंटरला दाखवलं (नाव नाही घेत, भांडायला वेळ नाही). दोन्ही वेळेला उत्तर तेच, "सर घाटात चालवता ना, ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय असते लोकांना". आता मी गेली बावीस वर्षं याच घाटांत चालवतोय, उतारावर दुसरा-तिसरा गिअर आणि इंजिनच्या ब्रेकवर उतरतो, गिअरवर उतरायचं हे वडिलांनी ट्रॅक्स जीप शिकवताना डोक्यात हाणून हाणून बसवलंय. पण काउंटरवरचा पोरगा टाय लावून बोलत असला की आपणच चुकतो असं वाटायला लागतं. वाटलं असेल बाबा, वय झालं, पाय जड झाला असेल.

मग डिसेंबरात एक रेग्युलर सर्व्हिसिंग झाली, त्याच्या कागदावर लिहिलेलं "फ्रंट ब्रेक पॅड 60%". आणि जानेवारी संपता संपता डाव्या पुढच्या चाकातून आवाज. आधी बारीक किर्र, ब्रेक दाबला की, नंतर सुरीला धार लावताना येतो तसा खर्र. मी 60 टक्क्यांच्या भरवशावर दोन आठवडे रेडिओ मोठा करून काढले. (हो, माझी चूक. माहितीये.) कुंभार्ली उतरताना बायको बोलली काहीतरी जळतंय, मी बोललो पुढे ट्रक आहे त्याच्या ब्रेक लायनरचा वास येतोय. पोफळीला खाली येऊन चहाला थांबलो तर ट्रक गेला होता निघून आणि वास आमच्याबरोबरच होता. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर भट्टी, उजवं कोमट.

आता यातली गंमत अशी की जोरात ब्रेक मारला की गाडी ओढायची उजवीकडे. आवाज डावीकडे, गरम डावीकडे, ओढतंय उजवीकडे. मी आपला समजत होतो की उजव्या बाजूला काहीतरी आहे. सेंटरला परत गेलो तर त्यांनी सरळ कोटेशनच हातात दिलं, दोन्ही कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) नवीन, दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) नवीन, पॅड नवीन, लेबर, सगळं मिळून 24 हजाराच्या घरात. का खराब झालं विचारलं तर परत घाट. मग ऑफिसातल्या एका मित्राने या गॅरेजचं नाव सांगितलं, बोलला शेड बघून परत फिरू नको.

शेड खरंच तशी आहे. वर पत्रा, खाली माती आणि ऑइल यांचं मिळून झालेलं काहीतरी काळं, एक लिफ्ट पण नाही, दोन हायड्रॉलिक जॅक आणि लाकडाचे ठोकळे. पण मिस्त्रींनी पहिली दहा मिनिटं पान्याला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? सकाळी पहिल्यांदा काढता तेव्हा येतो की गरम झाल्यावर? पेडल खाली जातं का? थरथरतं का? पॅड किती किलोमीटरला बदलले? इथे मी डायरी काढली आणि त्यांनी चष्मा लावून ती वाचली हो, खरंच वाचली. 42, 80, 94, 108. मग बोलले, "तुमचा पाय 80 हजारापर्यंत चांगला होता आणि मग अचानक बिघडला? पाय असा बिघडत नाही. 80 ला गाडीला काय झालं ते सांगा." त्या एका वाक्यासाठी खरंतर पाचवा स्टार द्यायला हवा होता.

मग स्वतः चालवून आले, मला शेजारी बसवून. रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला स्टिअरिंगवरचा हात हलका सोडून ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे गेली. ब्रेक न मारता सरळ जाते का ते पण बघितलं. परत आल्यावर चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघितली (तळवा नाही, कारण मागची बाजू भाजली तरी पाना धरता येतो, असं त्यांचं म्हणणं). डावं पुढचं चाक जॅकवर घेतलं, हाताने फिरवलं, एक फेरी पण पूर्ण होईना. उजवं घेतलं तर दीड-दोन फेऱ्या हलकं घासत फिरलं, तेवढं डिस्क ब्रेकला चालतं. मग डाव्या बाजूला कॅलिपरच्या मागची निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडी ढिली केली, दोन थेंब ऑइल पडलं, परत चाक फिरवलं. तसंच घट्ट. "पाइप निर्दोष," बोलले. मी विचारलं कसं काय, तर सांगितलं की रबरी पाइप आतून फुगला असेल तर ऑइल जातं पण परत येत नाही, प्रेशर अडकून बसतं, मग निपल उघडली की चाक लगेच मोकळं होतं. इथे मोकळं झालं नाही म्हणजे ऑइलचा दोष नाही, काहीतरी लोखंडच अडकलंय. एका मिनिटाची टेस्ट. फुकट. आणि सेंटरच्या 24 हजारात ती नव्हती.

मग उघडलं. आणि जे केलं ते प्रत्येक गॅरेजवाल्याने करावं असं मला वाटतं, जमिनीवर सकाळचा पेपर पसरला आणि त्याच्यावर चारही पॅड मांडले, डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा, त्याच क्रमाने, वरचं टोक वर. व्हर्नियरने मोजून प्रत्येकाच्या खाली पेपरवरच पेनने लिहिलं. उजवा आतला 6, उजवा बाहेरचा साडेसहा. डावा बाहेरचा 7. आणि डावा आतला वरच्या टोकाला 3 आणि खालच्या टोकाला काहीच नाही, नुसता पत्रा, चकचकीत. पाचर असते ना लाकूड फोडायची, तशी पाचर झाली होती त्याची. नवीन पॅडला मसाला (पत्र्यावरचा घासणारा थर) साधारण 10 मिलिमीटर असतो, 3 राहिला की बदलायचा. माझा अर्धा पॅड पत्र्यावर चालला होता आणि तो पत्रा डिस्कला नांगरत होता.

मग 60 टक्के कुठून आले? मिस्त्रींनी बाजूच्या गाडीच्या अलॉयच्या फटीतून टॉर्च मारून दाखवलं. चाक न काढता बाहेरून बघितलं की फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसतच नाही, तो डिस्कच्या मागे असतो. डावा बाहेरचा 7 म्हणजे 60-70 टक्के, बरोबरच लिहिलं होतं त्यांनी! खोटं कोणी बोललं नाही, फक्त कोणी चाक काढलं नाही.

आता हे असं का होतं ते. मिस्त्रींनी मला कॅलिपर हातात घेऊन समजावलं, मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या अशा गाड्यांत पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतं? कोणी नाही. आतला पॅड डिस्कला टेकला की ढकलायला जागा उरत नाही, मग अख्खा कॅलिपरच उलट दिशेला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. हे सरकणं होतं दोन पिनांवर, वर एक खाली एक. त्या पिना लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत, बोटाने ढकलून. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर पडतं, बाहेरचा नावापुरता. आणि दोनातली एकच पिन जाम असेल तर? कपाटाचा खण एका बाजूने अडकला की तिरका होऊन बसतो ना, ना आत जात ना बाहेर येत, तसंच. कॅलिपर तिरका बसतो, पॅड तिरका घासतो, पाचर होते. माझी खालची पिन जाम होती.

आणि उजवीकडे ओढणं? डावीकडचा कॅलिपर नीट चावतच नव्हता, म्हणून डावा ब्रेक कमी लागत होता, उजवा पूर्ण लागत होता, म्हणून गाडी उजवीकडे. पण सोडल्यावर डावा पॅड परत मागे येत नव्हता म्हणून चाक गरम. म्हणजे ब्रेक मारताना आजारी चाक कमी काम करत होतं आणि ब्रेक नसताना जास्त. दुखणं एकीकडे आणि कण्हणं दुसरीकडे.

मिस्त्रींना असल्या झिजेवरून रोग ओळखायचा नादच आहे, टेबलाखाली एका पत्र्याच्या डब्यात लोकांचे जुने पॅड जपून ठेवलेत आणि प्रत्येकाची हकीकत पाठ. फक्त आतला संपलेला असेल तर पिना किंवा पिस्टन. वरून खाली तिरका असेल तर एक पिन, नाहीतर पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंज चढून पॅड अडकलाय. बाहेरचा जास्त संपला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही, ते पण पिनांचंच दुखणं, उलट्या बाजूने. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे नवे असल्यासारखे, तर मग पाइप नाहीतर पिस्टन बघायचा, आणि हे पण बघायचं की न संपलेलं चाक काम करतंय का मुळात! हे शेवटचं मला कधी सुचलं नसतं. जास्त उरलेला पॅड बघून आपण खूश होतो.

आता 80 हजाराला काय झालं त्याचा शोध. खालची पिन काढायला अर्धा तास गेला, स्प्रे मारून ठेवली, मग पान्याने थोडी थोडी इकडे तिकडे फिरवत काढली, ठोकली नाही. बाहेर आली तर तपकिरी भुकटी, गंज आणि त्यात सुकलेला चिखल. चिखल बघून मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले आणि बोलले "एकवीसच्या पुरात होती का?" 22 जुलै 2021, चिपळूणकराला तारीख सांगायला लागत नाही. आमची गल्ली थोडी उंचावर म्हणून गाडी वाचली, पाणी अर्ध्या चाकाच्या वर आलं होतं, आत कार्पेटपर्यंत. नंतर आम्ही कार्पेट काढून सुकवलं, ऑइल बदललं, फिल्टर बदलला, सीटखाली वाशिष्ठीचा गाळ होता तो ब्रशने काढला. ब्रेक उघडावेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, गाडी थांबत होती ना. पण पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, बारीक माती असते त्यात, पिनेच्या रबरी बुटाला (म्हणजे कव्हरला) बारीकशी चीर असली तरी आत शिरते आणि मग बसते गंज करत.

तरी मिस्त्री बोलले पूर एकटा नाही. वरची पिन सुटी होती पण तिच्यावर पिवळट घट्ट ग्रीस होतं, बेअरिंगला लावतात ते, आणि तिच्या टोकाचा रबरी बुश फुगून पिनेच्या भोकात आवळून बसला होता. ब्रेकच्या रबराला साधं ग्रीस लागलं की रबर पितं ते आणि फुगतं. इथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच पाहिजे. 80 हजाराला पॅड बदलताना कोणीतरी "सर्व्हिस" म्हणून प्रेमाने तिथे बेअरिंगचं ग्रीस भरलं असणार, कारण त्याच्या आधीचा सेट 38 हजार चालला आणि त्याच्यानंतरचे चौदा चौदा. हात न लावला असता तर बरं झालं असतं. डायरी बोलते.

काम काय केलं ते पटापट सांगतो. दोन्ही बाजूच्या पिना, बूट नवीन. फक्त डावीकडची आजारी होती, पण उजवीकडचं रबर पण तेवढंच जुनं आणि तेच ग्रीस प्यायलेलं. पिनेची भोकं बारीक गोल ब्रशने साफ केली. खाचेतल्या पत्र्याच्या क्लिपा काढून खालचा गंज कानशीने घासला, हे बघण्यासारखं होतं कारण गंजाचा थर क्लिपेच्या खालून वाढून क्लिपेलाच वर उचलतो आणि पॅडची जागा आवळत जातो, वरून बघितलं तर क्लिप मस्त चकचकीत. पिस्टन हवेच्या प्रेशरने बाहेर काढला, समोर लाकडाचा तुकडा धरून, आणि मला बोट तिथे नेऊ नको म्हणून ओरडले. पिस्टनच्या डस्ट कव्हरला चीर, पिस्टनवर डाग होते पण खड्डे नव्हते, खड्डे असते तर बदलायला सांगितला असता, बारीक पॉलिश पेपरने साफ झाला. आतली सील नवीन टाकली. त्या सीलबद्दल एक भारी गोष्ट कळली, ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे यायला आत स्प्रिंग वगैरे नसते, ती चौकोनी रबरी सीलच पिस्टनबरोबर थोडी पिळली जाते आणि ब्रेक सोडला की परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. बस, तेवढंच. मग सील म्हातारी होऊन कडक झाली की पॅड घासत राहणारच. दहा वर्षांची होती माझी.

डिस्कवर आतल्या बाजूने चर पडले होते. मला वाटलं गेले पैसे. पण डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते ते कोरलेलं असतं, गंज घासून तो आकडा मला वाचायला लावला, मग मायक्रोमीटरने मोजून बोलले बसतंय यात, लेथवर घासू. दोन्ही डिस्क खेर्डीला एका लेथवाल्याकडे पाठवल्या, आल्यावर परत मोजल्या, आकड्याच्या वरच होत्या. आकड्याच्या खाली गेल्या असत्या तर नवीनच घ्यायला लावल्या असत्या, त्यात तडजोड नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं.

ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं, कोरा चहा, दुधाचा नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय असतं काय. पाणी मुरलं की घाटात ब्रेक तापल्यावर ऑइल उकळून पेडल मऊ पडतं, आणि आतून गंज तो वेगळाच. दर दोन वर्षांनी बदलायचं, मी दहा वर्षांत एकदा बदललं होतं. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच भरलं. चारही चाकांच्या ब्रेक पाइपमधली एअर काढताना मला ड्रायव्हर सीटवर बसवलं कारण पोरगा जेवायला गेला होता, "दाब... दाब... धर... सोडू नको हां!... सोड" असं अर्धा तास चाललं, दुसऱ्या दिवशी माझी पोटरी धरली होती.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकबद्दल काही विशेष नाही, उघडून धूळ काढली, लायनर चांगले होते, बंद केले.

बिल. पॅड 1,650, पिना आणि बूट दोन्ही बाजूचे 700, सील किट 560, ब्रेक ऑइल अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या 520, लेथ 600, मजुरी 1,800. 5,830 झाले, 5,800 घेतले. सगळे जुने पार्ट पिशवीत घालून दिले न मागता. कॅलिपर नवीन का नाही घातले विचारलं तर "बॉडी चांगली आहे, उगाच कशाला".

नेताना सांगितलं की आधी गाडी जागेवरच उभी असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की मगच हलवा, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिला दाब पोकळ जातो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही आणि पहिल्याच दिवशी कुंभार्ली तर अजिबात नाही, साठवरून वीसवर हळूहळू आणायची, मधे गार होऊ द्यायची, पंचवीस-तीस वेळा. मी रविवारी सकाळी सहा वाजता हायवेला जाऊन केलं, एक पोलीस बघत होता संशयाने.

आता परवाचे आकडे. 9,400 किलोमीटरनंतर डावा आतला 7.9, डावा बाहेरचा 8.2, उजवा आतला 8.0, उजवा बाहेरचा 8.2. तिरका एकही नाही. पावसाळ्यात मिस्त्रींनीच बोलावलं होतं एकदा, पिना हाताने सरकवून बघितल्या, पैसे घेतले नाहीत. या हिशोबाने पॅड आरामात तीस हजाराच्या पुढे जातील. म्हणजे माझा पाय ठीक आहे, हे मी घरी दोनदा वाचून दाखवलं.

मग एक स्टार का कापला. एक, "संध्याकाळी घेऊन जा" म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. लेथवाल्याकडे अर्धा दिवस गेला ते समजू शकतो, पण उरलेले दोन दिवस गाडी ठोकळ्यांवर होती आणि मिस्त्री कोणाच्या तरी टेम्पोच्या खाली. फोन उचलत नाहीत, पोरगा उचलतो आणि "होतंय" एवढंच बोलतो. मी दोन दिवस लोट्याला एसटीने गेलो. दोन, ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात, सगळ्यांच्या तोंडावर, त्या पोराच्या पण. ही धूळ छातीत जायची गोष्ट नाही, ओल्या फडक्याने नाहीतर ब्रेक क्लीनर मारून काढायला पाहिजे, मी बोललो तर हसले, "चाळीस वर्षं खातोय". मला नाही हसायला आलं. तीन, चाकाचे नट टॉमीवर (पान्याच्या लांब दांड्यावर) उभं राहून आवळतात, टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) नाही. एवढं मायक्रोमीटर, व्हर्नियर ठेवणारा माणूस इथे मात्र पायाच्या अंदाजावर. मला पंक्चर झाल्यावर नट काढताना घाम फुटला होता. बिल मागितल्यावरच मिळतं, छापील नाही, वहीच्या पानावर, पण अक्षर सुंदर आहे.

ज्यांना यायला जमत नाही त्यांनी निदान आपल्या गॅरेजमध्ये पुढच्या सर्व्हिसिंगला चाकं काढून चारही पॅड समोर मांडायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे, नुसता एक टक्केवारीचा आकडा कागदावर लिहून देत असतील तर कुठला पॅड बघितला ते विचारा. आणि पुरात उभी राहिलेली जुनी गाडी घेत असाल, आपल्याकडे अजून फिरतायत तशा बऱ्याच, तर इंजिन बघता तसं पिना पण सरकवून बघा.

सकाळी नऊच्या आत जा, नंतर मिस्त्री कुठल्या ना कुठल्या गाडीखाली असतात. गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस जाऊच नका, हायवेवर बंद पडलेल्या मुंबईवाल्यांच्या गाड्यांनी शेड भरलेली असते. मंगळवारी बंद. यूपीआय चालतं, पण रेंज नसते, त्यामुळे कॅश ठेवा.